‘माका भूक नाय’

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीचं नाव वाचलं की शब्दांचा नाद असलेल्या माणसाची नजर आधी ‘तोंडा’वर जाते. शेवटच्या ‘वली’चा उलगडा सोपा आहे. कणकवली, डोंबिवली, बोरिवली यांच्या शेपटाला जी ‘पल्ली’ म्हणजे वस्ती चिकटली आहे, तीच इथे. पुढचा भाग कुणी तोंडलीच्या वेलाशी जोडतात. मला खाडीचं तोंड पटतं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. ही पट्टी तळाशीलला संपते, तिथेच खाडी समुद्राला मिळते. कुणी तोंडवळी म्हणतं, कुणी तोंडवली. ‘ळ’ आणि ‘ल’ची अशी अदलाबदल कोकणात कुणाला खुपत नाही.

‘तोंड’ आलं संस्कृत ‘तुंड’वरून, आणि तुंड म्हणजे मुळात चोच किंवा सोंड. वक्रतुंडात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. पशुपक्ष्यांचा हा शब्द मराठीने माणसाला बहाल केला, म्हणून की काय, आपल्याकडे तोंडाचं पहिलं काम खाणं आणि दुसरं बोलणं. तोंडाला चव येते, पाणी सुटतं, तोंडी लावायला काहीतरी लागतं, उष्टावणाला मामा भाच्याचं तोंड गोड करतो. दुसऱ्या बाजूला माणूस तोंड उघडतो, तोंड टाकतो, तोंड चुकवतो, तोंड शिवून बसतो. ज्या आजाराबद्दल लिहायचं आहे, त्यात ही दोन्ही तोंडं एकदम मिटतात. मुलगी खात नाही, आणि का खात नाही ते सांगतही नाही. तोंडातून एकच वाक्य येतं: ‘माका भूक नाय.’

समजा, घर याच किनाऱ्यावरचं आहे. रात्रीची जेवणं चालली आहेत. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिकलं, सोलकढी. बारावीतली मुलगी सगळ्यांना वाढते. स्वयंपाकात तिचा जीव अलीकडे फारच रमतो; नवनवे पदार्थ मोबाइलवर बघते, करते, इतरांना आग्रहाने खाऊ घालते. स्वतःच्या ताटात मात्र मूठभर भात. बांगडा ती काट्यापासून अतिशय निगुतीने सोडवते, तुकडे ताटभर फिरवते आणि भात काट्यांच्या ढिगाखाली सरकवते. लांबून पाहिलं तर जेवलेलं ताट. मे महिन्यात तिने घावणे बंद केले, कारण तेल. मिरगानंतर खोबऱ्याचं वाटप बंद झालं, कारण त्यात म्हणे फॅट असते. नारळी पौर्णिमेला नारळीभात नको, गोड आवडत नाही. ज्या किनाऱ्यावर नारळाशिवाय सकाळ उजाडत नाही, तिथे नारळाची भीती वाटू लागणं ही साधी आवडनिवड नव्हे. पण प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं असतं आणि यादी एकेका पदार्थाने वाढते, म्हणून घरातल्या कुणाला ती यादी अशी वाटतच नाही.

आता तिच्या वाक्यातली ‘भूक’ घेऊ. भूक ही ‘बुभुक्षा’ची लेक. संस्कृतात धातूला इच्छेचा प्रत्यय लागला की असे शब्द होतात: ‘पा’पासून पिपासा, ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, ‘भुज्’पासून बुभुक्षा, म्हणजे खाण्याची इच्छा. घासून घासून तिची भूक झाली आणि ‘इच्छा’ आपण विसरलो. आज भूक म्हणजे आपल्याला पोटातली रिकामी जागा वाटते. व्युत्पत्ती मात्र पोटाचं नावही घेत नाही.

ग्रीक भाषेतही असंच. ‘ओरेक्सिस’ म्हणजे ओढ, इच्छा. पुढे नकाराचा ‘अन्’ लागला की ‘अनोरेक्सिया’. तो ‘अन्’ आपल्या ‘अनिच्छे’तल्या ‘अन्’चा सख्खा भाऊ. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८६८ साली या आजाराला आधी दुसरंच नाव दिलं होतं, ‘अपेप्सिया’, म्हणजे पचन न होणं. मग लक्षात आलं की पचनात काही खोट नाही. पोटात अन्न गेलं तर ते पचतं. १८७३ साली त्यांनी नाव बदलून ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ केलं. बायकांचाच समजल्या जाणाऱ्या ‘हिस्टेरिया’चं विशेषण त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण हा आजार मुलग्यांनाही होतो हे त्यांनी पाहिलं होतं. दीडशे वर्षं झाली तरी आपण अजून ‘मुलींचे नखरे’ म्हणतो. त्याच १८७३ साली पॅरिसला लासेग या डॉक्टरांनीही असेच रुग्ण वर्णिले, आणि त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली: घरच्यांची आधी विनवणी आणि मग धमकी, आणि दोन्हींनी ताटावरचा हट्ट घट्टच होत जाणं. त्यांचे रुग्ण फ्रेंच होते, पण आपल्या घरातले संवादही फार वेगळे नसतात.

गल यांचं नवं नावही खरं तर चुकलेलंच आहे. या मुलींची भूक मेलेली नसते, निदान सुरुवातीला तरी नाही. त्या उपाशी असतात, पोट कोकलत असतं, स्वप्नातही ताट दिसतं. तरी त्या खात नाहीत, कारण खाण्याचं भय भुकेहून मोठं झालेलं असतं. जर्मन लोकांनी याला ‘मागरझुख्ट’ म्हटलं, म्हणजे बारीक होण्याचं व्यसन. तो शब्द नेमका आहे. व्यसनी माणसाची चोरी, लपवाछपवी, ‘माझ्या ताब्यात आहे’ हा दावा, सगळं त्यात येतं. आपल्याकडे शब्द करायचा झाला तर ‘क्षुधानाश’ वगैरे जडजंबाल करता येतो. तो कागदावर राहतो आणि वर चुकीचंही सांगतो. नाश क्षुधेचा होत नाही.

आयुर्वेद मात्र इथे बारकाव्याने बोलतो. नुसतं ‘जेवण जात नाही’ म्हणून तो थांबत नाही, त्याचे तीन भाग करतो. घास तोंडात घातला तरी चव लागत नाही, तो अरोचक. अन्नाचा विचार आला, ते दिसलं, त्याचं नाव ऐकलं तरी मन उठून जातं, तो भक्तद्वेष. आणि राग, भीती यांमुळे अन्नावर श्रद्धाच उरत नाही, तो अभक्तच्छंद. शोक आणि भय यांनी येणारी अरुची चरकसंहितेतही निराळी मोजली आहे. भात खाणाऱ्या कोकणी माणसाने ‘भक्तद्वेष’ या शब्दापाशी जरा थांबावं. आपला ‘भात’ हा संस्कृत ‘भक्त’च आहे. ‘भज्’ म्हणजे वाटून देणे. वाट्याला आलेलं ते भक्त. देवाचा भक्त आणि पानातला भात एकाच धातूची लेकरं. पंगतीत प्रत्येकाच्या वाट्याचा भात पडतो आणि तो नाकारणारी मुलगी, नकळत का होईना, त्या वाटणीतूनच उठून जाते. या आजारात मुलं आधी घरच्या पंगतीतून, मग लग्नाकार्यातून, मग मैत्रिणींच्या डब्यातून बाजूला होतात. जेवायच्या वेळी अभ्यास निघतो, क्लास निघतो, पोटदुखी निघते. वजनकाट्याच्या कितीतरी आधी हे दिसतं.

घरगुती मराठीत यासाठी एक फार सुंदर प्रयोग आहे: ‘अन्नावरची वासना उडाली.’ वासनेला आता आपण एकाच खोलीत कोंडलं आहे. वर्तमानपत्रात ‘वासनांध’ छापून आलं की पुरे. पण आजीच्या तोंडी वासना अन्नावर असायची. मूळ अर्थ आणखी जुना: कपड्याला धूप दिला की तो गेल्यावरही सुगंध राहतो, ते वासन. मनावर राहिलेला तसा ठसा म्हणजे वासना. तापातून उठलेल्या माणसाची उडालेली वासना चार दिवसांत पेजेबरोबर परत येते. पेज, जी ‘पेया’ची लेक, त्यासाठीच असते. चार महिने झाले, ताप नाही, कावीळ नाही आणि वासना परतली नाही, तर दुखणं दुसरंच आहे. हा हिशेब आज्यांना पक्का ठाऊक होता. आपण तो विसरलो, हे काही प्रगतीचं लक्षण नाही.

दुसऱ्या टोकाला ‘भस्म्या’ आहे. कितीही खा, जठराग्नी भस्म करतो आणि पुन्हा भूक. खादाड पोराला ‘भस्म्या झालाय काय रे?’ हे अजून ऐकू येतं. ग्रीकांनी या भुकेला बैलाची उपमा दिली: ‘बूस’ म्हणजे बैल, ‘लिमॉस’ म्हणजे भूक, त्याचं ‘बुलिमिया’. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी हा जुना शब्द उचलला आणि ३० रुग्णांच्या आधारे ‘बुलिमिया नर्व्होसा’ हा आजार मांडला. पण रसेल यांच्या रुग्णांत आणि आपल्या भस्म्यात मोठा फरक आहे. भस्म्याला लाज नाही. तो चारचौघांत बकाबका खातो आणि लोक हसतात. बुलिमियाची माणसं एकटी खातात. भराभर, चव न घेता, थांबता येत नाही म्हणून. मग त्या खाण्याची भरपाई: घशात बोटं घालून उलटी, जुलाबाच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी कडक उपास किंवा तासन् तास व्यायाम. वजन बहुधा बेताचंच असतं, म्हणून बघणाऱ्याला संशयही येत नाही.

त्याच्या खुणा शरीरावर उमटतात आणि त्या घरच्यांनाच आधी दिसू शकतात. जेवण होताच दर वेळी न्हाणीघरात जाणं आणि नळ मोठा सोडणं. बोटांच्या सांध्यांवर, दात लागून पडलेले घट्टे. त्यांना वैद्यकात रसेल यांचंच नाव आहे. गाल कानांखाली फुगलेले. दातांचं आवरण आतल्या बाजूने झिजलेलं, त्यामुळे गारगरम सहन न होणं. सतत घसा बसणं. फडताळातला फराळाचा डबा रातोरात रिकामा, बिस्किटांचे कागद दप्तरात. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा मार थेट हृदयाच्या ठोक्यांवर बसतो. म्हणजे ‘अंगाने तर बरी आहे की’ या वाक्यावर विसंबणं धोक्याचं. भरपाई न करता नुसतंच आवरता न येणारं खाणं हाही आजार आहे. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. आपण त्याला ‘हावरटपणा’ म्हणून मोकळे होतो.

अडचण इथेच आहे. मराठीला न खाण्याचे आणि जास्त खाण्याचे शब्द कमी नाहीत. पण एकतर ते पोटाला दोष देतात नाहीतर स्वभावाला. नखरे, थेरं, हट्ट, नाटकं, माज. ‘खाऊन माजणं’ आहे, ‘अन्नाला नाव ठेवणं’ आहे. ‘भूक आहे पण भीती वाटते’ असं सांगणारा एकही तयार शब्द नाही. ज्याला शब्द नाही त्याची तक्रार करता येत नाही. म्हणून मुलगी हाताशी असलेला सर्वांत निरुपद्रवी शब्द उचलते. भूक नाय. जेवलंय मिया. पोटात कसासाच होता.

हे फक्त आपलंच नाही. हाँगकाँगच्या सिंग ली या मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ साली ७० रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात निम्म्याहून अधिक जणांनी ‘जाड होईन’ ही भीती सांगितलीच नाही. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच. युरोपातलं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेला डॉक्टर ‘तुला जाड वाटतं का?’ विचारत राहिला असता आणि आजार शेजारून निघून गेला असता. तेव्हा आपल्या घरातही कुणी ‘मी जाड आहे’ म्हणण्याची वाट पाहू नये.

शरीरावर बोलण्यात तर आपण उदार आहोतच. गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी उतरले की पहिलं वाक्य नमस्काराचं नसतं, ‘काय गो, किती सुकलंस!’ हे असतं. नाहीतर त्याच्या उलट. काटकुळी, हडकुळी, चिपाड, पाप्याचं पितर एका हाताला. भोपळा, ढोली, गोणपाट दुसऱ्या हाताला. त्यातला सर्वांत फसवा शब्द ‘तब्येत’. अरबीत त्याचा अर्थ प्रकृती, स्वभाव. मराठीत तो आरोग्य झाला आणि घरात आणखी घसरून ‘अंगावरचं मांस’ झाला. ‘तब्येत सुधारली हां!’ म्हणजे जाड झालीस. महिनोन् महिने घासाघासाशी झगडून दोन किलो मिळवलेल्या मुलीला हे वाक्य मायेने सुनावलं जातं आणि त्या रात्री ती पुन्हा ताट सरकवते. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. ‘वजन’ही अरबीच, शब्दाला असलं तर मान, शरीराला असलं तर टोमणा. आणि ‘आरसा’? तो संस्कृत ‘आदर्श’चा मुलगा. आदर्श म्हणजे आधी आरसाच. ‘अनुकरण करावं असं’ हा अर्थ नंतरचा. आजारी डोळ्यांना आरशात स्वतःचं रूप दिसत नाही, आदर्शापासूनचं अंतर दिसतं. हाडं वर आलेली मुलगी मांडीला चिमटा घेऊन ‘हे बघ केवढं’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला तसंच दिसतं.

हे आदर्श किनाऱ्यावर कुठून येतात? पॅसिफिकमधल्या फिजी बेटांचं उदाहरण इथे चपखल बसतं. तिथल्या खेड्यांत भरलेलं अंग हे घरच्यांनी घेतलेल्या काळजीचं चिन्ह. कुणी वाळू लागलं की शेजारीपाजारी हळहळायचे, भूक मंदावली तर तिला ‘माथाके’ हे नाव आणि झाडपाल्याचं औषध तयार. आपल्या आजीचंच गाव म्हणा ना. १९९५ साली नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी पोचली. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. तीन वर्षांत ‘मी जाड आहे’ म्हणणाऱ्या मुली झाल्या, बारीक होण्यासाठी उलटी काढणाऱ्याही झाल्या, ज्या आधी नव्हत्या. तो जुना टीव्ही होता. आज तोंडवलीच्या पोरीच्या हातात जो पडदा आहे, तो तिचा फोटो तिच्याच देखत गालांनी बारीक करून दाखवतो.

पोरांनाही यातून सूट नाही. त्यांचा शब्द ‘बॉडी’. ‘बॉडी बनवतोय’ म्हटलं की आईबाप खूश. अंड्याचा पिवळा भाग फेकायचा, भात तोडायचा, पावडरी घ्यायच्या, एक दिवस जिम चुकली तर घर डोक्यावर घ्यायचं. तेही त्याच आजाराचं रूप असू शकतं, आणि मुलगा असल्यामुळे ते उशिरा ओळखलं जातं.

आडोसा देणारे शब्दही आहेत. ‘उपास’ त्यांतला पहिला. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. ज्या घरात आधी कुणी कडक उपास केला नाही तिथे मुलीने अचानक चार वार धरले आणि पारण्यालाही काही खाल्लं नाही, तर ती भक्ती आहे की आडोसा हे आईने पाहायला हवं. दुसरा ‘डाएट’. ग्रीक ‘दिआइता’ म्हणजे जगण्याची रीत. आपलं ‘पथ्य’ही ‘पथ’ म्हणजे वाटेवरून आलेलं, वाटेला धरून असलेलं. दोन्हींत वाट आहे आणि वाट कुठेतरी पोचते. पथ्य आजार संपला की सुटतं. जे सुटतच नाही, ज्याचे नियम दर महिन्याला आवळत जातात आणि मोडला तर जीव घाबरा होतो, त्याला पथ्य म्हणू नये.

उपासमारीने मन कसं बदलतं याचा पुरावाही आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर भुकेल्या युरोपाला कसं जेवू घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. ते धडधाकट पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले, एकेक जेवण तासभर लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. यांना बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे मघाच्या त्या मुलीचं पाककृतींचं वेड, निगुतीने सोडवलेला बांगडा, तिचं तुसडं बोलणं यातलं बरंच काही भुकेचंच काम आहे. तिच्याशी वाद घालून ते जात नाही. आधी अन्न जावं लागतं, मग विचार जागेवर येतात.

पण हे अन्न कोंबायचं नसतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार ढासळून जीवावर बेततं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाळी तीन-चार महिने आलेली नाही, हातपाय सदा गार, अंगावर बारीक लव, केस मूठमूठ गळतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, बद्धकोष्ठ. यासाठी मुली खरं तर डॉक्टरकडे जातात, पण स्त्रीरोगतज्ज्ञ पाळीची गोळी देतात, दंतवैद्य दात भरतात आणि खाण्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं नाही तर आपण सांगावं: गेल्या सहा महिन्यांत हिचं खाणं असं असं बदललं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाणीसुद्धा न घेणं, ‘जगून काय करायचं’ अशी भाषा, यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. मनाच्या ज्या आजारांत मृत्यूंचं प्रमाण सर्वांत जास्त, त्यांत अनोरेक्सिया मोजला जातो.

पुढची अडचण पुन्हा शब्दाचीच. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं, आणि तेव्हापासून कोकणात ‘रत्नागिरीला पाठवा’ म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’, आणि वयात आलेल्या मुलीला तिकडे न्यायचं म्हणजे उद्या लग्नाचं काय, इथवर विचार एका दमात पोचतो. त्यापेक्षा देवाला गाऱ्हाणं, कौल, दृष्ट हे सोपं वाटतं. गाऱ्हाणं घालावं, माझा त्याला विरोध नाही. पण गाऱ्हाणं घालून झालं की गाडीही काढावी. आचऱ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मालवणचं ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो. ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था मराठीतून काम करते. ठाण्या-मुंबईत नातलग नसलेलं घर या पट्ट्यात शोधावं लागेल.

किशोरवयीन मुलामुलींसाठी सर्वांत आधाराची ठरलेली उपचारपद्धत लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८०च्या दशकात उभी राहिली, आणि तिचा कणा आहे घर. आईबापांना दोषी धरायचं नाही, त्यांच्याच हाती ताट द्यायचं: काय, किती, केव्हा हे काही काळ ते ठरवतील, आणि घास संपेपर्यंत शेजारी बसतील. न ओरडता, न लाच देता. पंगतीची सवय असलेल्या आपल्या घरांना हे खरं तर जमण्यासारखं आहे. ‘उपवास’ म्हणजे जवळ राहणं, ‘उपचार’ म्हणजे जवळ वावरणं; दोन्हींतला ‘उप’ एकच, फक्त पहिल्यात माणूस देवाजवळ बसतो आणि दुसऱ्यात आजाऱ्याजवळ बसावं लागतं. बुलिमियासाठी ठरावीक बैठकांची विचार-वर्तन उपचारपद्धती आहे, काहींना गोळ्यांचाही उपयोग होतो. सहा महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षं. मधे घसरणही होते. पण बरी होणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि जितकं लवकर ओळखलं तितकं बरं होणं सोपं.

बोलायला कुठून सुरुवात करावी हे ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी एवढंच: ताटावर बसून बोलू नका. विहिरीवर, पुळणीवर, गाडीत, दोघंच असताना बोला. वजनाचा, ताटाचा, चुलत बहिणीचा विषय काढू नका. जे दिसलं ते सांगा: ‘गो, तू हल्ली आमच्यावांगडा जेवक बसनंस नाय. तुका कसली भीती वाटता?’ पहिल्या वेळी उत्तर ‘काय नाय’ हेच येईल. आठवड्याने पुन्हा विचारा. आणि हे वाचणारं कुणी स्वतःच ताट सरकवून बसलं असेल, तर घरात सांगण्याआधी फोनवर सांगितलं तरी चालेल. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, रात्रीअपरात्री लागतो, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.